झिपरूच्या डोक्यातली तार

५ जानेवारी २००४
नाशिकला आलो आणि पहिल्याच दिवशी खोली मिळाली! गंगापूर रोडला, दुसरा मजला, खिडकीसमोर कुणाच्या तरी बागेतली सीताफळाची झाडं. मी हिऱ्यांचं काम करतो म्हटल्यावर घरमालकीणबाईंनी लगेच अंगठीचं विचारलं. त्यांना समजावताना मजा आली. आमचा हिरा अंगठीत बसत नाही. मेंदूत घालायच्या बारीक तारेवर आम्ही त्याचा मुलामा चढवतो. नुसती धातूची तार शरीराला परकी वाटते, ते तिच्याभोवती जाड कवच धरतं आणि तार हळूहळू निकामी होते. हिऱ्याला ते परकं मानत नाही. ज्याचे हात सतत थरथरतात त्याच्या डोक्यात अशी तार घालायची, छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची, की थरथर थांबते. बाई म्हणाल्या, धनराज, तू तर पुण्याचं काम करतोस. सटाण्याला आईला फोन करून हे सांगितलं.

१९ जानेवारी
प्रयोगशाळा दवाखान्याच्या मागच्या बाजूला आहे. दवाखाना डॉ. रविराज यांचा. ऑपरेशनं तेच करतात. भट्टीत वायू सोडायचे, आतली धातूची वेटोळी तापून पांढरीशुभ्र होईपर्यंत थांबायचं आणि मग तासन् तास वाट बघायची. सूक्ष्मदर्शकाखाली मुलामा साखर सांडल्यासारखा दिसतो. दहापैकी नऊ तारांचा तडकतो. आज एक साधली. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

८ फेब्रुवारी
आज तपासणीला झिपरू आला होता. पेठकडचा, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारा, पन्नाशीचा. दिवाळीत, मी इथे यायच्या आधी, त्याच्या डोक्यात आमच्या प्रयोगशाळेची तार बसली. त्याआधी त्याला पाण्याचा तांब्या धरता येत नव्हता. आज त्याने माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखवला आणि पोट धरून हसला. बायको भागीबाई पदर तोंडाला लावून बघत होती. तार कुठे बनते ते त्याला बघायचं होतं. भट्टीच्या काचेला डोळा लावून म्हणाला, “चुलीतला इंगळच की, साहेब. ह्यो माझ्या डोक्यात हाय व्हय?” निघताना नागलीचे पापड दिले. दुपारी कच्चेच खाल्ले.

११ मे
झिपरू गेला. न्यूमोनिया झाला होता. परवा आणला तेव्हाच उशीर झालेला होता. तार काढून घ्यायला डॉक्टरांनी मला बोलावलं, कारण कानामागची जोडणी मलाच नीट सुटते. साधलेल्या बाकीच्या तारा बसवून झाल्या, चांगली तार आता एवढी एकच आहे आणि इंदिरानगरच्या ज्योत्स्नाबाई चार महिने वाट बघताहेत. भागीबाईला काही सांगितलं नाही. तार उकळत्या आम्लात टाकली. हिऱ्याला आम्लाने काही होत नाही, ती जशीच्या तशी निघाली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून वेष्टनावर ‘नवी’ असं लिहिलं. थकलोय. झोपतो.

४ जून
ज्योत्स्नाबाईंचं ऑपरेशन उत्तम झालं. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. आज तीन वर्षांनी त्यांनी एका फटक्यात सरळ रेघ ओढली. त्यांची मुलगी आरोही कागद छातीशी धरून रडली. मलाही बरं वाटलं. वाटायलाच हवं.

२० जून
आरोही दवाखान्यात आली होती. सांगत होती, आई खुर्चीत बसत नाही, भिंतीला टेकून उकिडवी बसते. भाकरी नागलीचीच मागते. जन्मात कधी खाल्ली नव्हती म्हणे. डॉक्टरांनी मेंदूच्या सवयींबद्दल बरंच काही सांगितलं. मी तेव्हा बाटल्या पुसत होतो.

२ जुलै
डॉक्टरांनी इंदिरानगरला पाठवलं. छातीवर लोहचुंबक धरला की बॅटरी बंद होते. बंद केली. ज्योत्स्नाबाईंचे हात थरथरायला लागले, पण बाई मात्र त्याच होत्या. मला चहा घ्या म्हणाल्या, आरोहीला केसांवरून रागावल्या. पुन्हा चालू केली. हात शांत झाले. माझ्याकडे बघत राहिल्या. मग जाड्याभरड्या आवाजात विचारलं, “भागी घरला पोचली का, साहेब?”
आरोही विचारत होती, भागी कोण?
मला माहीत नाही असं सांगितलं.

९ जुलै
पुन्हा बोलावलं. आता बॅटरी बंद असली तरी तो बोलतो. तो, असंच लिहितो, बाई म्हणवत नाही. आरोहीसमोर तो म्हणाला, “मी हाय म्हणून वरडत होतो. तोंडच उघडंना. मग अंगठा हलवला पायाचा. लय जोर लावला. ह्यो पायाशीच उभा होता. ह्यानं बघितला.”
आणि बोट माझ्याकडे केलं.
तिथून पळालो. चप्पल तिथेच राहिली.

१० जुलै
११ मेची नोंद अपुरी आहे. रोजनिशीशीसुद्धा खोटं बोललो.
अंगठा हलला होता. उजवा. दोनदा. डॉक्टरांची पाठ होती, त्यांच्या हातात चिमटा होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मरणानंतर स्नायू उडतात असं कुठेतरी वाचलं होतं, ते आठवून घेतलं. एक तार, चार महिने, दहातली एक — हेही आठवलं. मग तार बाहेर आली आणि अंगठा थांबला.

१३ जुलै
डॉक्टरांना सांगितलं. स्नायूच उडाला असणार म्हणाले, आपण नाडी पाहिली होती. खरंही असेल. पण मी विचारलं, झिपरू खरंच गेलेला असता, तर अंगठ्याचं बाईंना कुणी सांगितलं? ते हात धुवायला वळले. मी म्हणालो, तार काढा, नाहीतर आरोहीला सगळं सांगतो.
संध्याकाळी तसंही सांगितलं. तिने मला मारलं नाही. एवढंच विचारलं, आई परत मिळेल ना?

१९ जुलै
डॉक्टर तयार झालेत. तार काढणार हे त्याला कळलंय. आज घरी गेलो तर त्याने माझे पाय धरले. ज्योत्स्नाबाईंचे गोरे, सुरकुतलेले हात, आणि आवाज —
“नको काढू रं. एकदा काढलंस ना. मी हाय अजून.”
आरोही दारात उभी होती. तिलाही ऐकू गेलं.
काढली तर मी दुसऱ्यांदा — नाही काढली तर बाई —
आरोही म्हणाली, काढा.

२२ जुलै
बाई आता दिवसातून घटकाभरच परततात. मघाशी परतल्या तेव्हा आरोहीलाही ओळखलं नाही. तिला विचारलं, पोरी तू कोणाची?

२४ जुलै
झालं.
ऑपरेशनमध्ये रोग्याला जागंच ठेवतात. जोडणी मीच सोडवली. त्याने माझं मनगट पकडलं होतं, घट्ट, शेतकऱ्याची पकड. या वेळी मी तोंड मिटलं नाही. मोठ्याने म्हणालो, हा जिवंत आहे, डॉक्टर. सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर क्षणभर थांबले.
मग ओढली.
पकड सुटली नाही. ती थरथरायला लागली. आधी बोटं, मग सगळा हात. ज्योत्स्नाबाईंनी माझ्याकडे बघून स्वतःच्या आवाजात विचारलं, तुम्ही कोण?

२५ जुलै
वाटीतली तार डॉक्टरांनी माझ्याकडे दिली. आम्लात टाक म्हणाले. सिन्नरचा एक रोगी भरती झालाय.
टाकली नाही. काचेच्या शिशीत घातली आणि नोकरी सोडतोय अशी चिठ्ठी ठेवली.

२६ जुलै. पेठ
सकाळच्या एसटीने आलो. विचारत विचारत भागीबाईचं घर सापडलं. तिने मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. शिशी हातात दिली आणि सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. वाटलं होतं ओरडेल, दगड घेईल. ती ओरडली नाही. शिशी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसली.
मग एकच विचारलं. शेवटी, दुसऱ्या बारीला काढली तवा, त्याला कळत होतं का, कोण काढतंय ते? आणि भ्याला का तो?
उत्तर ऐकायला थांबली नाही. चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. मी ओट्यावर बसून हे लिहितोय. आत फुंकणीचा आवाज येतोय. खोटं सांगितलं तर तिला बरं वाटेल. मलाही. मनगटावर पाच बोटांचे वळ अजून आहेत, बाही ओढून घेतली —
फुंकणी थांबली. ती येतेय. समोर बसली की मी तिला खरं तेच सांगणार, की तो शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत —