रेडिएटरचं पाणी

२० फेब्रुवारी १९७३, मंगळवार

गाडी कसली, भंगार आहे नुसतं! गावच्या सोसायटीनं ही पिकअप लष्कराच्या लिलावात घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. गावभर पेढे वाटले होते म्हणे. आज मी कॉलेज अर्ध्यावर सोडून हिचाच क्लीनर झालोय. सरांशी भांडलो नसतो तर — जाऊ दे. भांडलो ते बरोबरच होतं!

सकाळी सेल्फ मारला. टक्! बस्स, पुढं काही नाही. मी म्हटलं बॅटरी गेली, सोसायटीकडं नवी मागा. खाजाभाईंनी ऐकलंच नाही. वीस वर्षं गाडी चालवतायत, तोंडात विझलेली विडी, दिवसाकाठी दहा शब्द बोलतील तर शपथ. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी खरवडली, ग्रीस चोपडलं. मग बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचे कार्बन काढून माझ्या तळहातावर ठेवले. झिजून नखाएवढे झालेले. म्हणाले, "बॅटरी मरी नै रे मच्छिंदर. उसको खानाच नै मिलता."

त्यानंतर रेडिएटर. खालची तोटी फिरवली आणि सगळं पाणी बादलीत घेतलं — गंजानं लाल झालेलं. फडक्यातून गाळून परत वर ओतलं. थेंब सांडू दिला नाही. सोसायटीच्या आवाराला लागून आमचं परसू, मधे कमरेएवढी भिंत. माय भिंतीवरून भाकरी द्यायला आली ती बघतच उभी राहिली. "बया! हिच्या पोटात येवढं पाणी मावतंय व्हय रं?"

मग ढकलून गाडी चालू केली. उस्मानाबादला सुकडीची — भाजलेल्या गोड पिठाची — पोती भरली, बेंबळीच्या पुढं तलावाच्या दुष्काळी कामावर नेली. चारशे माणसं तिथं माती वाहतात आणि ही सुकडी आली की दुपारी ओंजळ ओंजळ खातात. वाटताना ती दिसली. शिवम्मा. डोक्यावर पाटी होती, तरी मान अशी ताठ की —

माझ्याकडं बघून शेजारणीला म्हणाली, "ह्यो क्लीनर हाय का कोळशेवाला?" सगळ्याजणी हसल्या.

२१ फेब्रुवारी

घरात भांडण. शर्टावरून. टेरिलिनचा पांढरा शर्ट एकच आहे, कॉलेजातला. मायला म्हटलं रोज धुऊन दे. तर म्हणते, "दिसाला दोन घागरी मिळत्यात. त्या प्यायच्या का धुयाच्या? गाडीला पाजायला पाणी हाय तुमच्याकडं, माणसाला न्हाय."

गाडीचा इथं काय संबंध? मी म्हटलं, मळक्या शर्टात कामावर जाणार नाही, नोकरी गेली तर गेली! ताट सरकवलं. बाप असता तर अशी बोलली नसती. उपाशीच आडवा झालो.

२३ फेब्रुवारी

शर्ट मिळाला! धुतलेला. रोज देईन म्हणाली. बघा — जोर लावला की मिळतं. जगाशी असंच वागलं पाहिजे.

शिवम्मा म्हणाली, "अगं बाई, नवरदेव आला सुकडी घेऊन!" टोमणाच होता, पण हसून मारलेला. यातला फरक मला कळतो.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बेंबळीच्या अलीकडच्या चढावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफच वाफ. मी झाकणाला हात घालणार तेवढ्यात खाजाभाईंनी मनगट धरलं. "तोंड जाळून घेतो का, बेटा?" गार होऊ दिलं, गोणपाटानं धरून झाकण फिरवलं. आत पाणी अर्ध्याच्या खाली. काल संध्याकाळी मी स्वतः बघितलं होतं, गळ्यापर्यंत होतं!

खाजाभाईंनी फॅनबेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला. ढिला. आवळला. म्हणाले, पंखा वारा कमी मारत असणार, पाणी उकळून उडून गेलं असणार. सकाळी निघताना त्यांनी रेडिएटर बघितला नव्हता. मीही नव्हता. शर्टाची बाही काळी होऊ नये म्हणून आज बॉनेट उघडलंच नाही — हे इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही.

सुकडी दोन तास उशिरा पोचली. उन्हात रांग धरून बसलेल्या बायका. पोती उतरताच त्यांनी पदर पुढं केले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी

दोष फॅनबेल्टचा नव्हता! सकाळी झाकण उघडलं, पाणी पुन्हा वीतभर खाली. रात्रभर उभी असलेली गाडी पाणी पिते कुठं?

होज पाइपला चीर सापडली, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून तार आवळली. वॉटर पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं. मग थर्मोस्टॅट. हा अडकला की पाणी इंजिनात फिरत नाही, तिथंच तापतं. काढला. उकळत्या पाण्यात टाकला की त्याचं तोंड उघडलं पाहिजे, ही परीक्षा. पण उकळायला पाणी कुणाच्या घरचं आणायचं? गोरोबाच्या हॉटेलात गेलो. तोही देईना. खाजाभाईंनी शांतपणे थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधला आणि चहाच्या उकळत्या पातेल्यात सोडला!

"खाजाभाई! आरं देवा, गिऱ्हाईक बसलंय की हितं!"

तोंड उघडलं. थर्मोस्टॅट चांगला आहे. चहा गिऱ्हाइकांनी पिला. एकजण म्हणाला, आज कडक झालाय.

शर्टाला पिवळट झाक यायला लागलीय. मायला म्हटलं साबण बदल.

१ मार्च, गुरुवार

रेडिएटर भरून निघालो होतो, त्यामुळं आज उकळली नाही. पण तलावापाशीच बंद पडली. प्लगला ठिणगी आहे, टाकीत पेट्रोल आहे, कार्बोरेटर मात्र कोरडा. खाजाभाई म्हणाले, इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापला, आतल्या पेट्रोलची हवा झाली. त्यावर ओलं फडकं ठेवायचं, एवढाच इलाज. ओलं! दुष्काळात हा शब्द किती सहज म्हणतात.

शिवम्मा आली. तिच्या वाटणीचा तांब्या घेऊन. फडक्यावर ओतला, सगळा. मी नको नको म्हणतोय तर म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाय. उंद्या सुकडी यायला पायजे म्हनून." खाजाभाईंनी सेल्फ मारला, गाडी चालू झाली.

ती दिवसभर काय प्यायली असेल?

एका बाजूला ही — आणि दुसऱ्या बाजूला ही सोसायटी, जिला एक पाण्याची टाकी आवारात ठेवता येत नाही! आबाराव चेअरमनच्या अंगणात तुळस मात्र हिरवीगार.

३ मार्च, शनिवार

सगळं संपलं. सकाळी पाणी इतकं खाली की बोट पोचेना. गावात कुणी घागर दिली नाही. आबाराव म्हणाले, निघा तसेच, लोक उपाशी बसतील. निघालो. चढावर इंजिनात ठण् आवाज आला आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर. डिपस्टिक काढली, ऑइल चहासारखं झालेलं. पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट उडालं. पाणी ऑइलमध्ये.

पोती रस्त्यावर. आम्ही दोघं त्यांच्यावर बसलेले. तलावावर आज कुणी काही खाल्लं नाही.

संध्याकाळी बैल जुंपून गाडी आवारात ओढून आणली. आबाराव आले आणि सगळ्यांदेखत खाजाभाईंना म्हणाले, "रेडिएटर बघता येत न्हाय तर ड्रायव्हर कशाला म्हनायचं?" निघा तसेच म्हणणारा कोण होता? मी बोलायला तोंड उघडलं, खाजाभाईंनी पायावर पाय दिला.

बारा तारखेला सोमवारी सभा आहे. खाजाभाईंना काढायचं म्हणतात. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला! त्यांच्या घरात सात तोंडं आहेत आणि या दुष्काळात साठीच्या माणसाच्या हातात पाटी-फावडं देणार का? रक्त उकळतंय माझं.

घरी काही सांगितलं नाही. मायला गाडीतलं काय कळतं.

६ मार्च

एसटीनं सोलापूरला जाऊन गॅस्केट आणलं. खाजाभाईंनी हेड उतरवलं, दगडावर घासून सपाट केलं. गाडी चार दिवस कोरडी उभी आहे. सुकडी सध्या बैलगाडीनं जाते, निम्म्यांना पुरते.

तिकडं मायनं शर्ट धुणं बंद केलंय. म्हणे, "कामावर न्हाईस तर कशाला पायजे?" इथंही हट्ट!

८ मार्च

गाडी चालू. रेडिएटर काठोकाठ भरला. शर्ट धुऊन मिळाला.

९ मार्च, शुक्रवार

पाणी पुन्हा कमी!! नवं गॅस्केट, नवी होज पट्टी, पंप कोरडा, ऑइल स्वच्छ. यंत्रात दोष उरलेलाच नाही. काल मी डोकं चालवलं होतं. गाडीखाली चुलीतली राख चाळून पसरली होती, गळलं तर थेंब कुठं पडतो ते दिसावं म्हणून. सकाळी बघतो तर थेंब एकही नाही. पण तोटीच्या बरोबर खाली, राखेत, कळशीच्या बुडाचा गोल ठसा!

चोर! इतके दिवस आम्ही इंजिन उलटंपालटं करतोय आणि हा चोर तोटी फिरवून पाणी नेतोय!

तसाच गोरोबाच्या हॉटेलात शिरलो. रेडिएटरचं पाणी तूच नेतोस म्हणत त्याचा हंडा उचलून बूड बघितलं. तो तव्यावरचं उलथणं घेऊनच आला. "लेका मच्छिंदर, तू तुजं लोखंड माज्या चहात बुडवलंस तवा म्या काय बोललो का? अन् रेडिएटरचं पानी चहात घातलं तर गिऱ्हाईक माज्या तोंडावर थुकंल न्हाय का?" हंडा ठशाच्या दुप्पट निघाला. माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

१० मार्च

तलावावर सगळ्यांसमोर सांगितलं. चोरामुळं तुम्ही उपाशी राहिलात, चोरामुळं खाजाभाईंची भाकरी जातेय. मी त्याला शोधणार आणि बॉनेटवर बसवून इथपर्यंत आणणार! बायकांनी ऐकून घेतलं. शिवम्मा म्हणाली, "खरंच आना. सुकडी आली न्हाय त्या दिशी म्हातारी चक्कर येऊन पडली माजी. त्या चोराचं तोंड मला बगायचंय."

पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली. थट्टा नाही, काही नाही.

येताना खाजाभाई म्हणाले, "इतना गुस्सा नक्को, बेटा. प्यासा होगा कोई." मी म्हटलं, तुमची नोकरी जातेय आणि तुम्ही त्याचीच बाजू घेताय? त्यांनी गिअर बदलला.

११ मार्च, रविवार

नीळ! कपड्याची नीळ. सात पुड्या भर दुपारी, आसपास कुणी नसताना, रेडिएटरमध्ये ओतल्या, इंजिन चालू करून ढवळल्या. आबारावांना साक्षीला उभं केलं. ते, खाजाभाई आणि मी, चौथ्या कुणाला माहीत नाही. आबाराव म्हणाले, "घावला चोर तर खाजाभाईचं नाव सभंत निघनार न्हाय. शब्द." आता जो पाणी नेईल त्याची कळशी, त्याचे हात, त्याची जमीन — काहीतरी निळं होणारच. उद्या सभेआधी गल्ली न् गल्ली बघणार.

मायला सांगून ठेवलंय, उद्या सभा आहे, बोलायचंय मला, शर्ट कडक पाहिजे.

"देते की," म्हणाली. "तुजं कवा अडवलंय."

१२ मार्च, सोमवार, सकाळ

शर्ट दोरीवर आहे. कॉलरपासून खालपर्यंत निळे ओघळ.

माय म्हणते, "अंदारात दिसलं न्हाय रं. पानीच तसलं आलं. दुसरा घाल." तिची बोटं नखांपर्यंत निळी आहेत.

तोच शर्ट घातलाय. ओला आहे अजून. आधी सभेत जातो. मग गाडी तलावावर जाईल, आणि मी बॉनेटवर बसणार आहे.