कणकेचा शंकू

हेब्बाळ, बंगळूर
६ ऑगस्ट १९९४

तीर्थरूप आईस मृणालचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझी कंबर कशी आहे? बाबा काठी घेतात ना?

माझी शाळाही छान चालली आहे. दुसरीला घन, गोल, शंकू शिकवले. फळ्यावर एवढी सुरेख चित्रं काढली, तरी मुलं शंकूला त्रिकोणच म्हणत राहिली. शेजारच्या वर्गात रूपश्री मिसनी मात्र कणकेचे गोळेच वाटले. भिंतीपलीकडून नुसता हशा. आपली केतकी त्याच वर्गात आहे.

घरी येऊन म्हणाली, "आई, मी आज चुकून मिसनाच आई म्हटलं!"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सरी, कंदा. सरी म्हणजे बरं, आणि कंदा म्हणजे बाळ."

मीही हसले. पण दोन पोळ्या करपल्या.

मग तिलाच म्हटलं, मला शंकू करून दाखव. तिने माझा हात धरून कणीक वळवली. सोमवारी मीही वर्गात कणीक नेणार आहे. रूपश्रीला मात्र सांगणार नाही.

आई, लहानपणी मी कधी बाईंना आई म्हटलं होतं का गं? तुला तेव्हा कसं वाटलं होतं, ते खरं खरं कळव.

तुझीच,
मृणाल