वारुळासारखी अंगणवाडी

बपेरा, १४ जुलै २०१७

चि. अश्विन यास वच्छलाआत्याचा सप्रेम जयभीम.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. वारूळ बघून तू आम्हाला जी नवी अंगणवाडी बांधून दिलीस, तिच्यात काल नाग निघाला. हवेसाठी जमिनीलगत तू वीस भोकं ठेवलीस ना, त्यातूनच आला. प्रतिक्षा नावाची चार वर्षांची पोर त्या भोकापासून दोनच हातांवर पाटी घेऊन बसली होती. तिला उचलून मी अशी पळाले की गुडघे अजून दुखतात.

शेजारच्या चिंधूदादाने नाग धरून बांधाकडे सोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की बाईच्या भाच्यानं नागाले घरच बांधलं. लोक हसले. मला संताप आला.

भोकं मी विटांचे तुकडे आणि चिखल लावून बुजवलीत. आता आत इतकं उकडतं की आजपासून मुलं विहाराच्या व्हरांड्यात बसतात. भोकांना बारीक लोखंडी जाळी बसवून दे, एवढंच मागते. जेवत जा वेळेवर.

रागावलेली, तरी तुझीच,
वच्छलाआत्या


पुणे, २२ जुलै २०१७

ती. आत्यास सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. तीन वर्षं मी वारुळं मोजली, त्यांच्यातली हवा संगणकावर हजारदा खेळवून पाहिली. गार हवा खालून शिरते, गरम हवा वरून निघते, पंखा लागतच नाही. तू खालचं तोंडच बंद केलंस आणि वर उकडतं म्हणतेस! जाळीने हवा कमी होते, शिवाय आकार बिघडतो. नाग एकदा आला, रोज थोडाच येणार आहे?

चांगल्या इमारतीसाठीच्या बक्षिसाला मी आपली अंगणवाडी पाठवली आहे, त्याचे परीक्षक ५ ऑगस्टला येताहेत. मला हजर राहता येत नाही, तसा नियम आहे. त्याआधी चिखल काढ आणि मुलांना भोकांजवळ ओळीने बसव, फोटो चांगले येतात. तासाभराचा प्रश्न आहे. माझ्यासाठी एवढं कर.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
अश्विन


बपेरा, ६ ऑगस्ट २०१७

चि. अश्विन यास जयभीम.

काल परीक्षक आले. चिखल मी काढून ठेवला होता. आत गार वाटत होतं, ते मान्य करते. परीक्षक बाईंनी तुझं फार कौतुक केलं आणि मुलं कुठे आहेत म्हणून विचारलं. मी विहाराकडे बोट दाखवलं. त्यांनी कारण विचारलं.

तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. देऊ नये असं वाटलं, माझ्या भावाचा तू एकुलता एक. पण ‘फोटो चांगले येतात’ हे तुझे शब्द आठवले आणि अंगाची लाही लाही झाली. वाळवीपुढे तू तीन वर्षं बसलास, मला पाच मिनिटं विचारलं नाहीस. सत्तावीस वर्षं मी इथे मुलं सांभाळते, त्यात तूही होतास. तुझ्या संगणकातली इमारत रिकामी होती, अश्विन. तिच्यात एकही पोर बसलं नव्हतं.

मी पत्र दिलं. बाईंनी उभ्यानेच वाचलं, मला परत केलं आणि चहा न घेता निघाल्या. बक्षीस गेलंच समज. तू चिडशील, रडशील. मीही रात्रभर रडले, पण पुन्हा तेच करीन.

ते पत्र आता प्रतिक्षाच्या आईकडे, दीपमालाकडे आहे. तिने दोनदा वाचलं आणि इंजिनियरसाहेब आता गावात कधी येऊन राहिले, एवढंच विचारलं. माझ्याशी भांडायला येशील तेव्हा आधी तिच्या दारात जा.

लोभ आहे, तो कुठे जात नाही.

तुझी,
वच्छलाआत्या