चाळीस फुटांची नळी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम (सध्या बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी फुप्फुसं कामातून गेली आहेत. डोकं शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कानही शाबूत आहेत, ते पुढे कळेलच.

ऑक्सिजनचं मशीन मागच्या खोलीत घरघरत असलं की म्हातारा तिथेच पडलाय, असा घरच्यांचा समज आहे. नळी चाळीस फुटांची आहे, हे कोणी मोजलं नाही. मी जन्मभर मापंच घेतली. ती स्वयंपाकघराच्या दाराआड पोचते आणि तिथे एक स्टूल आहे.

कलम १. राहतं घर संपूर्णपणे माझ्या बायकोचं. विकावं, ठेवावं, तिची मर्जी. "बाबांचं आटोपलं की आईला मागच्या खोलीत हलवू, पुढचा भाग भाड्याने देऊ," हे आमच्या चिरंजीवांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे.

कलम २. सदर चिरंजीवांनी माझ्यामागे महिन्याभरात दुसरीकडे बिऱ्हाड करावं. पाहुणे आले की माझा खोकला ऐकू जाऊ नये म्हणून ते मागच्या खोलीचं दार लोटून घेतात. ते दार मी त्यांना देत आहे. बिजागऱ्यांसकट न्यावं.

कलम ३. जावईबापू म्हणतात, "सासऱ्यांना बोलताना धाप लागते, शिव्या देताना बरी लागत नाही!" निरीक्षण बरोबर आहे. शिव्यांसाठी मी दम राखून ठेवतो. त्यांना काहीही नाही. रंधे, पटाश्या, करवती मुलीला. ती एकटीच शेजारी येऊन बसते आणि "कसं वाटतंय?" असं विचारत नाही.

कलम ४. बायको मुलीला म्हणाली, "एकदाचे सुटले ना, की मी पोटभर झोपणार आहे बघ." मी स्टुलावरच होतो. संतापाने पहिला मसुदा फाडला, घरातून तिचं नाव काढलं. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. पण तीस वर्षं तीच सांगत होती, "भुसा छातीत जातो, तोंडाला फडकं बांधा." त्या फडक्याने मी पॉलिश पुसलं. आता सहा वर्षं मला धाप लागली की तीच पाठीला टेकू देऊन बसते. राग धरवला नाही. म्हणून कलम १ पुन्हा लिहिलं, ते कायम.

कलम ५. माझा जीव जाईल तेव्हा तिचा डोळा लागलेला असेल, तर तिला कोणीही उठवू नये. झोप पुरी होऊ द्यावी. मग सांगावं.

साक्षीदार: १. मशीन दुरुस्तीवाला (सही)
२. समोरचा कुलूपवाला (सही). वीस वर्षं आमचं बोलणं नाही, म्हणजे तो माझ्या बाजूने खोटं बोलणार नाही.

स्थळ: राहतं घर
दिनांक: ९ मार्च
सही