ताटातली दोन बोटं जागा

आबा, काल मी तुमचं नाव घातलं. मी निवृत्त झाले म्हणून माझी एक जुनी विद्यार्थिनी मला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. तिथल्या यंत्रात एक सुई आहे, तिचं टोक डोळ्यांना दिसतच नाही. ते तापवून गुळगुळीत चकतीवरच्या पातळ थराला टेकवतात. टेकेल तिथला थर उडतो, खळगा राहतो. खळग्याला खळगा लागून अक्षर होतं, केसाच्या जाडीहूनही लहान. मग तेच टोक अक्षरांवरून फिरून लिहिलेलं चाचपून सांगतं. "पूर्वी एवढ्याला तासन्‌तास जायचे, आता चहा होईस्तोवर होतं," ती म्हणाली. "फक्त दाब जपायचा, मॅडम. टोक बोथट होतं."

मला कराडच्या भांड्यांच्या दुकानाची पायरी दिसली. तुमच्या मांडीत गिऱ्हाइकाचं पातेलं आहे, छिन्नी माझ्या हातात, आणि तुम्ही ओरडताय, "आगं, लय दाबतीस! नाव घालायचंय का भोक पाडायचंय?" नाव पुरं झालं की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचात.

आणि पाचगणीची ती दुपार. मी शिष्यवृत्तीवर कॉन्व्हेंटात होते. वसतिगृहात ताटांची अदलाबदल होते असं मी कळवलं, म्हणून तुम्ही हत्यारांची पिशवी घेऊन आलात. मैत्रिणीने विचारलं, "कोण गं हा?" मी म्हणाले, "नावं घालणारा आलाय." तुम्ही ऐकलंत. मुली ताटं घेऊन धावल्या. व्हरांड्यात बसून तुम्ही सगळ्यांची नावं घातलीत. माझी पाळी आली, तेव्हा मान वर न करता विचारलंत, "ताई, तुमचं नाव काय घालू?" मी माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं, तुमचं, गाळलं. तुम्ही तसंच घातलंत. मध्ये दोन बोटं जागा सोडलीत. मग अंगठा फिरवलात, तो त्या जागेवरूनही.

काल विद्यार्थिनीने विचारलं, "नाव काय घालू, मॅडम?" मी तुमचं सांगितलं.

"कुणाचं हे?"

"माझ्या वडिलांचं. ते हेच काम करायचे."

पडद्यावर तुमचं नाव उमटलं. मी अंगठा पुढे केला, हाताला नुसती काच लागली.

सांगलीला परत येऊन पाचगणीच्या त्याच ताटात जेवले. आता हा कागद त्याच्याखाली ठेवते. चकतीवरचं नाव कुणाला दिसत नाही, आबा. खरं सांगते, म्हणूनच ते घालायचा धीर झाला. ताटातली जागा अजून तशीच आहे.