चोरलच्या घाटातला चष्मेवाला

रविवार, संध्याकाळ. राजेंद्र नगर.

आज भाची मुग्धाला पक्षी दाखवायला गाडीने चोरलला नेलं. बायको सुनंदाही होती. घाटात थांबलो तशी मुग्धा म्हणाली, "मामा, ही बारीक किणकिण कोणाची?"

मला काहीच ऐकू येईना. मग फांदीवर चष्मेवाला दिसला. हिरवा, इवलासा. चोच उघडत होती, मिटत होती आणि आवाज नाही! नाव सांगितलं तर मुग्धा खूश. "मतलब, नुसत्या आवाजावरून ओळखलात?" मी हो म्हणालो. का म्हणालो?

ती उघडी चोच डोळ्यांपुढून जात नाही. दोन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय की घाटातले चष्मेवाले संपले, जंगल गेलं. मतलब ते होते? माझे कानच गेले होते?

मुग्धाला राऊ गावी तिच्या घरी सोडल्यावर सुनंदाला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला मागच्या वर्षीही ऐकू येत होते. तुम्ही किती मन लावून ऐकत होतात. सांगवलं नाही मला."

पुढच्या रविवारी पातालपाणीला पक्षी ऐकायला जायचं ठरलंय. कशाला जायचं आता?