हॉलमधला रेडिएटर आणि पौर्णिमेची वंदना

आदरणीय प्रभाकरभाऊजी,

सप्रेम जय भीम. सुलोचनाताईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो का? तुमच्याकडचा बर्फ एव्हाना वितळला असेल. सेलूत वितळण्यासारखं आता आम्हीच उरलो आहोत.

पत्रास कारण, मागच्या हिवाळ्यात कॅनडाहून येऊन तुम्ही आमच्या हॉलमध्ये हौसेनं बसवून दिलेला रेडिएटर. (आमचे हरिदास अजून त्याला ‘ती लांब पेटी’ म्हणतात. भिंतीच्या पायथ्याशी पत्रा, आत तांब्याची नळी, आणि गच्चीवरच्या सोलरचं पाणी तिच्यातून फिरून मग स्वयंपाकघरात.) जानेवारीत त्याला पाठ टेकून आम्ही रोज तुमचे गुण गायलो, हे अगदी खरं. पण मे महिन्यात भांडी घासायला नळ सोडला की भांडी आणि हॉल एकदमच तापायचे. समोर कूलर लावला, तर ते दोघं समोरासमोर बसून भांडायचे आणि मधे आम्ही. (भांडी थंड पाण्यानं घासावीत, हे मला सुचलं. मे महिन्यात थंड पाणी कुठल्या नळाला येतं, हे हरिदासांना लगेच सुचलं.)

त्यात यंदा बुद्धपौर्णिमेची वंदना पहिल्यांदाच आमच्या घरी ठरली. शेजारच्या कौशल्याबाईंनी बजावलं, “दीपमाला, तुह्या हॉलमंदी बसलं का मानूस इडलीवानी फुगते. त्याचं काई तरी करजो, नाई त आमी दुसरीकडं बसतो.” मला झोप येईना. तुम्हाला विचारून काढावा, तर तुम्ही दुखावाल. न विचारता काढावा, तर मला चैन पडणार नाही. शेवटी मी असा निर्णय घेतला की निर्णय हरिदासांनी घ्यावा. त्यांनी तासाभरात गोपाल प्लंबरला आणलं.

गोपालनं वाकून पाहिलं. “ताई, हा एसी होय का?”

“नाही, त्याच्या उलटं.”

“मंग आपल्या इथं काऊन लावला?”

भाऊजी, मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, “प्रेमानं लावलाय.”

“मंग हळूच काढा लागन,” तो म्हणाला.

बेत सोपा होता: पाणी सोडायचं, पेटी काढायची, नळीची दोन टोकं सरळ पाइपानं जोडायची. पण गच्चीवरचा वॉल्व्ह गंजून अडकलेला, म्हणून सोलरची सगळी टाकीच रिकामी करावी लागली. आणि इथे मी घोळ घातला. उन्हाळ्यात पाणी मोरीत सोडणं माझ्या जिवावर येतं. (आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुठल्या झाडाची पाळी आहे ते पाहून घालतात.) कूलरची टाकी कोरडी होती. म्हटलं, “यात सोड.” पाणी दुधाशिवायच्या चहासारखं आलं. निवलं की सकाळी झाडांना घालू, असं ठरवलं आणि खिरीच्या तयारीत विसरले.

सकाळी सगळ्याजणी पांढऱ्याशुभ्र साड्या नेसून आल्या. कौशल्याबाईंनी टाकी भरलेली पाहिली आणि मला हाक न मारताच कूलरचं बटण दाबलं. पंख्यानं पहिल्याच झटक्यात गंजाचं पाणी पुढच्या रांगेवर शिंपडलं. मी खिरीचा डाव हातात घेऊनच धावत आले. कौशल्याबाईंनी ठिपक्यांचा पदर धरून पाहिला, मग तोंड कूलरकडे केलं आणि डोळे मिटले.

“पन हवा कशी थंडी येऊन राह्यली, बाई!”

हसणं आवरायला इतका वेळ लागला की वंदना उशिरा सुरू झाली. झाली मात्र फार सुंदर. खीर संपली तरी कोणी उठेना. मागच्या रांगेतल्या पौर्णिमाबाईंनी विचारलं, “आमच्यावर काऊन नाई उडालं?”

मनात राग धरू नये. ताईला आठवण.

आपली,
दीपमाला

ता. क. रेडिएटर सुखरूप आहे. गच्चीवर त्याच्या पत्र्यावर कौशल्याबाईंच्या कुरडया वाळताहेत.

ता. क. डिसेंबरात याल तेव्हा तो परत बसवून द्याल का? या वेळी दोन्ही टोकांना चांगले वॉल्व्ह लावा, आणि सरळ पाइप तसाच राहू द्या, म्हणजे उन्हाळ्यात पाणी पेटीत न शिरता त्यातून जाईल. हरिदासांना अजून सांगितलेलं नाही. कौशल्याबाईंना सांगितलं होतं. त्यांनी भिंतीजवळची जागा धरायला चटई आताच आणून टाकली आहे.